चाकोरी दोन, चाकं तीन

काकूंच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये तारेचं कुंपण आहे, असं म्हणतात. चार वर्षांत ती तार कुणी पाहिलेली नाही. काकूंनी तिच्यावर वालाचा वेल चढवला आणि तो असा माजला, की कार्तिक लागला की पलीकडच्या काकूंचा नुसता आवाज ऐकू येतो, मधूनच चष्मा दिसतो. शेंगा माझ्या बाजूला लोंबल्या तर त्या माझ्या, असा आमचा करार आहे. कराराचं दुसरं कलम असं, की शेंगा तोडणाऱ्या बाईनं हात चालू असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही.

"आयकलं का वं?" वेल म्हणाला.

"काय?"

"आमच्या भाच्यानं गाडी घेतली कॅनडात. तीन चाकाची."

"ऑटो?"

"मीबी तेच म्हटली! म्हटलं, बाबू, एवढा शिकला, कॅलगरीले गेला, अनं ऑटो चालवतं का? तं हासला. म्हन्ते, मावशी, मोटरसायकल आहे. दोन चाकं पुढं, एक मागं. किंमत पुसली तं सांगे नाई. मंजे बम असन."

न सांगितलेल्या किमतीवरून खरी किंमत काढण्याचा काकूंचा हिशेब सहसा चुकत नाही. त्यांनी वेलातून मोबाइल पुढं केला. पडद्यावर एक लाल प्रकरण उभं होतं. पुढची दोन चाकं अशी फाकलेली, की बेडूक उडी मारायच्या बेतात बसलाय असं वाटावं. मागं एकच जाडजूड चाक, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, वर हेल्मेट घातलेला भाचा आणि त्याच्याही वर बर्फाचे डोंगर.

"पडायची भीती नाही, एवढं तरी बरं," मी म्हणाले.

"पडाचीच भीती नाई तं मोटरसायकल कायले म्हन्तेत?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांतल्या लोकांनाही बहुधा सापडलं नसावं, कारण तिथं ही गाडी चालवायला मोटारसायकलचा परवाना लागत नाही, मोटारीचा चालतो.

पण काकूंची खरी बातमी पुढंच होती. या भाच्याला पुढच्या उन्हाळ्यात ती गाडी घेऊन थेट उत्तरेच्या समुद्रापर्यंत जायचंय. रस्ता डांबरी नाही, खडीचा. डॉसन गावाजवळ सुरू होतो आणि सातशे-चाळीसेक किलोमीटर चालत इनुविकला पोचतो. डेम्पस्टर हायवे त्याचं नाव, 1979 मध्ये खुला झाला. 2017 मध्ये तो आणखी पुढं, पार समुद्राकाठच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत वाढवला. भाच्याला काळजी पडली, की ही डांबरावरची गाडी खडीवर टिकेल कशी. तिथले जाणकार काय सांगायचं ते सांगतीलच, पण काकूंनी आपल्याकडून तोडगा काढून ठेवला होता.

"म्या सांगतलं त्याले, तीन चाकानं कच्च्या रस्त्यावर जाचं असन तं आमच्या बापूले पुस. तो रोज जाते."

इथं बापू म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे भाऊजी. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजवा पाय नावापुरता. नोकरी झाली, निवृत्त झाले, आता चार एकर धान आहे आणि ते मालगुजारी तलावाच्या पलीकडं. वाट आधी तलावाच्या पाळीवरून जाते, मग पांदणीनं. त्यांच्याकडं ती आपण सगळ्यांनी पाहिलेली गाडी आहे: साधी बिनगिअरची स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक जादा चाक. मोजली तर चाकं चार भरतात. पण सगळा गाव तिला तीनचाकीच म्हणतो. मागचं मधलं चाक कुणी मोजत नाही, आणि गाडी ओढतं नेमकं तेच. (घराघरांत असं एखादं माणूस असतंच. असो.)

या गाडीवर भाऊजी नुसते शेतावर जात नाहीत. शिवरात्रीला गायमुख, नाही तर प्रतापगड. आंभोऱ्याला नवा पूल झाला तेव्हा तो बघायला दोनदा. आणि भाऊबीज झाली की मंडई! झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असतं, आणि नाटकाचा मांडव हायवेवर थोडाच असतो. भाऊजी कुठल्याही बांधीच्या कडेनं, कुठल्याही तरोट्यातून वाट काढत पोचतात, पुढच्या रांगेशी स्कूटर लावतात आणि तिच्यावरच बसून पहाटेपर्यंत नाटक बघतात. खुर्चीचं तिकीट काढत नाहीत. खुर्ची आपली आपण आणली, असं म्हणतात.

कॅलगरीत रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडं सकाळचे नऊ, असा काकूंनी त्या दिवशी हिशेब काढला. तो भाच्यानं नंतर सुधारून दिला. तर त्या सकाळी भाऊजी स्कूटरसकट कुंपणाच्या कोपऱ्याशी येऊन थांबले. काकूंनी मोबाइल वालाच्या दोन देठांमध्ये खोचला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकू, समोर भाऊजी आणि पानांतून डोकावणारा भाचा. अशी आमची परिषद भरली.

भाऊजींनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "पोट किती उंच आहे?" एवढंच विचारलं.

भाचा गोंधळला. त्यानं स्वतःच्या पोटाकडं पाहिलं.

"तुयं नाई, गाडीचं."

"वीतभरही नाही काका. बरंच कमी."

"हं. अनं ओढते कोनतं चाक?"

"मागचं."

"एकटं?"

"एकटं."

"मंग तुयं बी तेच दुखनं," भाऊजी म्हणाले आणि स्कूटरवर नीट सरसावून बसले. माणसाला आपल्या दुखण्याचा जोडीदार भेटला की चेहऱ्यावर जी एक प्रसन्नता येते, ती मी पाहिली.

आता हे दुखणं काय, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं, ते मला पहिल्यांदाच समजलं. पांदणीतून बंडी जाते, ट्रॅक्टर जातो. त्यांची चाकं दोन रांगांत चालतात, म्हणून चाकोऱ्या दोन. मध्ये उंचवटा राहतो, त्यावर गवत आणि तरोटा. सायकल, मोटारसायकल एकाच रांगेची, ती कुठल्याही एका चाकोरीतून निघून जाते. जीपगाडी दोन रांगांची, ती दोन्ही चाकोऱ्या धरते. पण तीन रांगांची गाडी आली की एक तरी चाक अडाणी ठरतं. भाऊजींनी सुतळी घेऊन मोजलं होतं: बंडीच्या चाकोऱ्यांमध्ये साडेचार फूट, त्यांच्या बाजूच्या दोन चाकांमध्ये तीन फुटांना दोन बोटं कमी. मधलं चाक चाकोरीत घातलं तर बाजूची दोन्ही उंचावर चढतात, अख्खी गाडी त्यांच्यावर तोलते, आणि मधलं चाक हवेत. अ‍ॅक्सिलरेटर पिळा, चाक गरगर फिरतंय, गाडी जागची हलत नाही.

"ओल्यात एक वेळ चालते," भाऊजी म्हणाले. "पन आता? कार्तिकात?"

हे त्या भाच्याला कळलं नसतं, म्हणून काकूंनी मध्ये तोंड घालून सांगितलं. आपल्या भंडाऱ्याच्या जमिनीला जुनी नावं आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. सिहार पिवळी, रेतीमिश्रित, ती पाणी पिते आणि सोडते. कन्हार काळी. श्रावणात ती चाकाला अशी धरते, की चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखलाचा लाडू होतो आणि चाक फिरायचंच थांबतं. तीच कन्हार पाऊस सरल्यावर वाळते, आणि ओल्यात ट्रॅक्टरनं पाडलेली चाकोरी जशीच्या तशी सिमेंटची होऊन बसते. हलका धान कापून पुंजणे लागायची वेळ आणि ही चाकोरी कडक व्हायची वेळ एकच. शेतावर सगळ्यात जास्त चकरा तेव्हाच.

"मग तुम्ही काय केलं काका?"

पहिल्या वर्षी काही केलं नाही, अडकत राहिले. एकदा असं झालं, की चाकोरीत मधलं चाक लटकलं आणि समोरून धानाचे भारे लादलेली बंडी. बैलांना मागं सरकता येईना, कारण मागं भार. भाऊजींना मागं सरकता येईना, कारण स्कूटरला मागचा गिअर नसतो आणि दोन पायांवर उभं राहून गाडी ढकलायची सोय देवानं त्यांना दिली नाही. बंडीवाल्यानं बैल सोडले, चार बांध्यांपलीकडच्या माणसांना हाका मारल्या आणि पाच जणांनी भाऊजींना स्कूटरसकट उचलून धुऱ्यावर ठेवलं. बंडी गेली. मग परत खाली ठेवलं.

"गनपती कराले बरा वाटला," काकू म्हणाल्या.

"विसर्जन नाई केलं हेच लई झालं."

मग ते एका वेल्डरकडं गेले. आमच्या पट्ट्यात वेल्डरला तोटा नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना, वरठीला सनफ्लॅग, जवाहरनगरला आयुधनिर्माणी. लोखंडाशी बोलता येणारी माणसं गावोगावी सापडतात. त्यांच्या गाडीची बाजूची दोन चाकं एकाच आडव्या पाइपला जोडलेली होती. एक चाक चढलं की पाइप चढायचा, आणि पाइपाबरोबर सगळी गाडी. वेल्डरनं तो पाइप मधोमध कापला. प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात दिला, पुढून बिजागरीसारखा, आणि वर भंगारातल्या लुनाचे शॉकअप. आता डावं चाक दगडावर चढलं तर ते एकटंच चढतं, मधलं चाक जमिनीवर राहतं. पण शॉकअपची स्प्रिंग कडक ठेवली तर पुन्हा तेच, म्हणून ती ढिली करवली.

"बाजूचं चाक टेकाले ठेवाचं, भाराले नाई," भाऊजींनी सूत्र सांगितलं. "सारा भार मधल्यावर पाह्यजे. सीटखाली मी दहा किलोचं वजन टाकतो. सुवर्णा तांदूळ. परत येताना घरीच येते."

शिवाय बाजूच्या चाकांत हवा कमी. शिवाय चाकोरीत उतरायचंच नाही: तीन फुटांची गाडी आहे तर मधल्या उंचवट्यावरूनच न्यायची, तिन्ही रांगा त्याच्यावर मावतात. उंचवट्याची कड ढासळली तर एक बाजूचं चाक खाली जातं, पण आता हात लांब आहे, स्प्रिंग ढिली आहे, ते खाली जाऊन टेकतं आणि गाडी कलंडत नाही.

हे सगळं करताना भाऊजींनी एक गोष्ट मात्र बरोबर केली, ती सांगायला हवी. गाडीत फेरफार केला की कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही असं सांगितलं. मात्र अपंग माणसासाठी बदललेल्या गाडीला कायद्यात वेगळी जागा आहे, त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं तिची व्याख्याही आली. परवानगी घ्यावी लागते, इतकंच. भाऊजींनी घेतली. पासिंगचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते सीटखाली, त्या तांदळाच्या शेजारी असतात. एमएच 36 ची ही एकच गाडी असावी, जिचे कागद आणि रेशन एकाच डिकीत राहतात.

भाचा मन लावून ऐकत होता. मग त्यानं आपली अडचण सांगितली. त्याच्या रस्त्यावर बंड्या नाहीत, अठरा-अठरा चाकांचे ट्रक आहेत. पण ट्रकही शेवटी दोन रांगांतच चालतो. जिथून चाकं जातात तिथली खडी दबून पक्की होते आणि सुटी खडी मध्ये आणि कडेला ढिगानं साचते. याच्या गाडीची पुढची दोन चाकं दबलेल्या पट्ट्यांवर येतात आणि मागचं, ओढणारं चाक बरोबर मधल्या ढिगावर. ते मग शेपटी हलवल्यासारखं इकडून तिकडं फिरतं. त्यात धूळ बसावी म्हणून त्या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, पाऊस पडला की त्याचा साबण होतो. मध्ये दोन मोठ्या नद्या, त्यांवर उन्हाळ्यात फेरीबोट.

"मंजे डोंगा," काकूंनी भाषांतर केलं.

"आणि खाली जमीन कायमची गोठलेली, मावशी. रस्त्याच्या उबेनं ती वितळू नये म्हणून खडीची जाड गादी घातलीये, पुरुषभर जाडीचीसुद्धा."

"आमच्याइथं मुरूम बोटभर टाकतेत," काकू म्हणाल्या, "पन आमची जमीन पयलेच वितरलेली आहे."

भाऊजी मात्र गणितात होते. त्यांनी जमिनीवर काठीनं दोन रेघा मारल्या, तीन टिंबं काढली, पुसली, पुन्हा काढली. "तुया गाडीले मधून नेऊच नको," शेवटी म्हणाले. "एका अंगाले सरकव. मागचं चाक ट्रकच्या चाकोरीत घाल. पुढचं एक ढिगावर जाईन, एक कडेले जाईन, जाऊ दे. त्यायले आपापले शॉकअप आहेत ना? मंग त्यायले चढू-उतरू दे. ओढनाऱ्याले पक्की जमीन पाह्यजे. अनं तुया पोटाखाली चाकोरी आली, मंजे पोटबी वाचते."

कॅनडात क्षणभर शांतता पसरली.

पुढं मग पाना-पक्कडीच्या गोष्टी झाल्या. पोटाला जाड पत्रा. साखळी नाही, दातेरी पट्टा आहे. खडा त्याच्यात गेला तर संपलं, म्हणून पट्ट्याला झाकण. पुढच्या चाकांनी उडवलेले दगड रेडिएटरवर येतात, तिथं जाळी. मागच्या टायरला खोल नक्षी, हवा थोडी कमी. भाचा म्हणाला, त्याच कारखान्यानं पुढं 'रायकर' नावाची हलकी गाडी काढली, तिचा 'रॅली' नावाचा प्रकार मुद्दाम कच्च्या रस्त्यासाठी आहे. स्प्रिंगांना जास्त चाल, पोटाला पत्रा आधीच, आणि मागचं चाक थोडं घसरू देणारी सोय. पण त्यात पेट्या कमी आणि बायकोला मागं बसायला हे असं आरामशीर नाही.

"बायको जानार आहे?" काकूंचा चष्मा एकदम पानांबाहेर आला. पुढची दहा मिनिटं गाडी बाजूला राहिली.

ही गाडी ज्या गावच्या कारखान्याची, त्या गावाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. क्वेबेक प्रांतातलं वालकोर. तिथं जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए नावाचा गॅरेजवाला होता. त्या काळी हिवाळ्यात तिकडचे गावरस्ते बर्फाखाली जायचे आणि महिनोन्‌महिने तसेच राहायचे. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. दवाखान्यात नेता येईना, बर्फावरून चालेल अशी गाडीच नव्हती. मूल गेलं. हा माणूस बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या नादाला आधीपासून होताच. 1937 मध्ये त्यानं तिच्या दातेरी चाकाचं आणि पट्ट्याचं पेटंट घेतलं, 1942 मध्ये कंपनी काढली. त्याच कारखान्याच्या वंशातून 2007 मध्ये ही तीनचाकी 'स्पायडर' निघाली.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा काकू शेंगा तोडायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आमच्या जावेले बाजेवर नेलं होतं. भर श्रावनात. चार जन बाज खांद्यावर घेऊन पांदनीनं, अनं पाचवा पुढं कंदील घेऊन. गुडघाभर चिखल. पोचवलं. पोरगं झालं. तेच आता ट्रॅक्टर चालवते, अनं पांदन तेच खराब करते!"

साइडकारचा विषय मीच काढला. माझ्या मनात होतं 'शोले', 1975, जय आणि वीरू. भाऊजींनी मान डोलावली. साइडकारचं गणित वेगळं, म्हणाले. मोटारसायकलची दोन चाकं एका रांगेत आणि साइडकारचं दुसऱ्या रांगेत. म्हणजे चाकं तीन पण रांगा दोनच! भाचा म्हणाला, खरंय, म्हणूनच कच्च्या रस्त्याचे दर्दी 'उराल' घेतात. दुसऱ्या महायुद्धात रशियानं जर्मन बीएमडब्ल्यूवरून उचललेली गाडी, बरीच वर्षं इर्बित गावात बनलेली. काहींत साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद मिळते. आपल्याकडं साइडकार डाव्या अंगाला, त्यामुळं डावीकडं जोरात वळलं की रिकामी साइडकार हवेत उचलते. "त्यात पोतं ठेवाव लागते," भाऊजी म्हणाले. तांदळाचं पोतं हा त्यांच्याकडं यंत्रशास्त्राचा कणा आहे.

आणि तीन चाकांची आपल्याला एवढी नवलाई असण्याचं कारणही नाही. 'टेम्पो' हा शब्द आपण मराठीच समजतो. तो हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचं नाव. फिरोदियांच्या कंपनीनं 1958 पासून तिची तीनचाकी 'हॅन्सिट' आपल्याकडं बनवली, पुढं एक चाक आणि ओढणारंही तेच. कंपनीचं नाव बदललं, गाडी गेली, शब्द राहिला. आता चार चाकांच्यालाही आपण टेम्पोच म्हणतो.

"बरं, ते जाऊ दे," भाऊजी मोबाइलला म्हणाले, आणि आवाज जरा उतरला. "त्या गाडीले रिव्हर्स आहे का?"

"आहे ना काका. बटण दाबायचं, मागं येते."

भाऊजी काही बोलले नाहीत. काठीनं काढलेली टिंबं पुसत राहिले. तीनचाकीवर बसणाऱ्या माणसाला हे एक कमी असतं आणि तेच रोज लागतं. बाजारात कुणी स्कूटर पुढं लावली, अडकलात. मंडईत मागं गर्दी झाली, अडकलात. दर वेळी कुणाला तरी म्हणायचं, "भाऊ, जरा मागं वढता का?" लोक ओढतात. आनंदानं ओढतात. नेमकं तेच भाऊजींना नको असतं. आता काही किटांत रिव्हर्स येतो म्हणे, पण त्यांची जुनी.

भाचा हुशार. त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "काका, होंडाची गोल्डविंग म्हणून भली मोठी मोटारसायकल आहे. साडेतीनशे किलोहून जड. ती माणसाला मागं ढकलवत नाही म्हणून 1988 पासून तिला रिव्हर्स दिला. आणि तो इंजिनावर नाही, स्टार्टरच्या मोटरवर. गाडी चालू करते तीच मोटर गाडीला हळूहळू मागं नेते."

"स्टार्टरवर?"

"स्टार्टरवर."

भाऊजींनी किल्ली फिरवली, स्कूटर सुरू केली आणि "येतो" म्हणून निघून गेले. भाचा पानांतून "काका? काका?" करत राहिला.

त्यानंतर आठवडाभर आमच्याकडं बातम्या सुट्या सुट्या आल्या. काकूंकडून कळलं, की भाऊजी भंगारवाल्याकडं तासभर बसले होते. मला कळलं, की एका जुन्या मोटारीची स्टार्टर मोटर मिळाली. स्कूटरची इवलीशी बॅटरी तिला पुरणार नाही, म्हणून मोटारीचीच बॅटरी घेतली आणि ती सीटखाली बसवली. तांदूळ काढले.

"वजनाचं बी काम झालं," त्यांनी गल्लीतून जाता जाता ओरडून सांगितलं.

काकू मात्र सावध होत्या. "माया मिक्सरची मोटर दोन दिवस झाले आवाज करते," म्हणाल्या. "बापू आला तं सांगू नको हं."

आणि काल सकाळी गल्लीत आधी कर्र आवाज झाला, मग कुणीतरी दात खाल्ल्यासारखा खर्रर्र. मी बाहेर आले. भाऊजी स्कूटरवर, मान मागं वळवलेली, हातात एक दांडी. दांडी ओढली की स्टार्टरवर बसवलेला लहानसा रबरी रोलर डाव्या बाजूच्या टायरवर दाबला जायचा आणि टायर उलटं फिरायचं. गाडी खरंच मागं येत होती. कुणीही हात न लावता. गल्लीतली पोरं दोन्हीकडं उभी राहिली होती आणि एकानं शिट्टीसुद्धा वाजवली.

फक्त एक झालं. रोलर एकाच चाकाला, तेही डाव्या. डावी बाजू मागं ढकलली जाते आणि उजवी नुसती सोबत येते, म्हणजे गाडीची शेपूट उजवीकडं फिरणारच. भाऊजींनी हँडल वळवलं, उशिरा वळवलं. उजवीकडं आमचं कुंपण. खर्रर्र करत स्कूटर वालाच्या वेलात मागच्या मागं शिरली, खांब कलला, वेल खाली बसला, आणि चार वर्षांनी तार दिसली. दिसली म्हणजे, तुटलेली दिसली.

काकू पलीकडं टोपली घेऊन उभ्या. पहिल्यांदाच मला त्या डोक्यापासून पायापर्यंत अख्ख्या दिसल्या.

"मागं आली, काकू!" वेलातून भाऊजी.

"दिसलं," काकू म्हणाल्या आणि खाली बसून शेंगा वेचू लागल्या. "मधल्या चाकाले लाव ना रे ते, येड्या. ओढते ते चाक सोडून टेकनाऱ्याले कायले लावलं?"

भाऊजी दांडी हातात धरून विचार करत राहिले. मी माझ्या बाजूच्या शेंगा वेचायला घेतल्या. पण वेल आडवा पडल्यावर माझी बाजू कुठली आणि काकूंची कुठली, हे ठरवायला तार उरली नव्हती.